त्या नावाचं आता एकही घर नाही

साहेबांचं आडनाव मी इथं लिहिणार नाही. गुपित वगैरे काही नाही. पण ते आडनाव जगात इतक्या कमी माणसांकडे उरलंय, की नुसतं लिहिलं तरी घरचा पत्ता दिल्यासारखं होईल. तेव्हा साहेब म्हणजे साहेब.

साहेब इंग्रज. आखातातल्या मीना सलमान बंदरात ज्या वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये मी बावीस वर्षं बेअरिंगं, गॅस्केटं आणि पंप सांभाळतोय, तिथले ते जुने मॅनेजर. नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एका जहाजाचा पंप दुसऱ्या जहाजाला देऊन टाकला. ते जहाज पंपासकट दम्मामला पोचल्यावर सगळ्यांना कळलं. माझी बॅग भरून तयार होती. साहेबांनी बोलावलं आणि विचारलं, "त्यांना तो पंप बसला का?" मी म्हटलं, बसला म्हणतात. "मग माणूस अगदीच वाया गेलेला नाही," म्हणाले, आणि मला ठेवून घेतलं. तेव्हापासून ते मला नावानं हाक मारत नाहीत, 'स्टोअर्स' म्हणतात.

निवृत्तीनंतर ते समुद्रकाठी अमवाजला एका फ्लॅटमध्ये राहत. पत्नी वारल्या, मूलबाळ नाही. दर शुक्रवारी मी त्यांना बाजाराला नेत असे आणि माझी बायको सोबत डब्यात काहीतरी देत असे. घावन त्यांना फार आवडत. सुरी-काट्यानं खात, तो भाग वेगळा.

गेल्या वर्षी साहेबांनी ऐंशी पार केली आणि पत्नीच्या भाचीनं इंग्लंडहून फर्मान काढलं, की आता एकट्यानं राहायचं नाही, तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात जागा मिळालीये, महिनाअखेर या. खोली लहान, सामान एक ट्रंकभर. साहेबांनी फर्निचर वाटलं, भांडी वाटली, मला नको असताना एक गोल्फची पिशवी दिली. एका वस्तूपाशी मात्र ते अडले.

ती वस्तू म्हणजे त्यांच्या घराण्याचं बायबल. उशीएवढं जाड. त्याच्या पोटात काही कोऱ्या पानांवर जन्म, लग्नं आणि मृत्यू लिहायची सोय, आणि त्यांत सहा-सात पिढ्यांची नावं, दर पिढीला शाई वेगळी. शेवटचं नाव साहेबांचं. त्याखाली अर्धं पान कोरं.

"भाची म्हणते, अभिलेखागारात दे," साहेब म्हणाले. "तिथं नीट राहील. थंड हवेत, खोक्यात."

"बरं आहे की."

"पण तिथं त्यात कोणी लिहिणार नाही, स्टोअर्स."

 मग पुस्तक मिटत म्हणाले, की हे नाव लावणारा कुणी एक जरी कुठं असेल, तर त्याच्या हातात देऊन जाईन. आयुष्यभर ते जिथं जिथं गेले तिथं त्यांनी टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या चाळल्या होत्या. कुणी सापडलं नव्हतं.

आता कोकणातल्या माणसापुढं असं काही बोलू नये. आडनाव म्हटलं की आमच्या डोक्यात आपोआप गाव उभं राहतं. गाव म्हटलं की देऊळ, देऊळ म्हटलं की मानकरी, आणि मानकरी म्हटलं की भावकी आणि तिची भांडणं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "साहेब, नावाला गाव असतंच. गाव माझ्यावर सोडा. दोन आठवडे द्या." वर इंशाल्लाही म्हटलं, म्हणजे काम कसं वजनदार झालं.

पहिल्या आठवड्यात मला इंटरनेटवर जगभरात त्या नावाचा एकच सदस्य सापडला, कॅनडात. मी त्याला 'आदरणीय महोदय' असं सुरू करून दीड पानाचं पत्र धाडलं. घराण्याचा थोर वारसा, रक्ताचं नातं, सगळं घातलं. उत्तर त्याच्या मालकीणबाईंचं आलं. तो शर्यतीचा घोडा होता. बाईंनी सभ्यपणे कळवलं होतं, की महोदय सध्या पायाच्या दुखण्यामुळं विश्रांती घेत आहेत.

हे मी साहेबांना सांगितलं नाही. बायकोला सांगितलं, ती चूक झाली. मुलीला कळलं, आणि आठवडाभर घरात कुणी मला ताटात चणे वाढू का विचारी, कुणी "बाबा, एनी न्यूज फ्रॉम द हॉर्स?"

दुसऱ्या आठवड्यात मात्र गाव लागलं. इंग्लंडच्या पूर्वेला, समुद्रापासून थोडं आत, जुन्या नकाशावर साहेबांच्या आडनावाचं गाव होतं. शेजारच्या गावात इतिहासाची आवड असलेल्या चारसहा म्हाताऱ्या मंडळींचा गट होता आणि त्यांचा ईमेलही होता. मी कामाला लागलो. पत्र कसं लिहावं? आमच्याकडं कुणी मूळ गाव शोधायला आलं की काय काय विचारतात ते मला पाठ. तेच इंग्रजीत केलं. एक, ग्रामदैवत कोणतं आणि देवळाचं तोंड कुठल्या दिशेला. दोन, मानकरी घराणी कोणती, पहिला मान कुणाचा. तीन, या आडनावाची आज किती घरं, आणि प्रत्येक घरातला कर्ता पुरुष कोण. चार, त्याला मुलगे किती. पाच, जमिनीला नाव लागलंय का. खाली स्टोअरच्या सवयीनं तक्तासुद्धा आखून दिला, भरायला सोपा जावा म्हणून.

तीन दिवसांत एका बाईंचं उत्तर आलं. निवृत्त शिक्षिका. एकेका प्रश्नाला नंबर घालून उत्तर, आमच्या तलाठ्यानं शिकावं असं.

बाईंनी लिहिलं होतं: दैवत म्हणाल तर आमच्या गावात एक चर्च आहे, तोंड पूर्वेला, मनोरा अर्धा पडलेला. पहिला मान घंटा वाजवणाऱ्याचा. सध्या ती मी वाजवते. ते मूळ गाव आता नाही. शेकडो वर्षांपूर्वी रोगराई आली, मग जमीनदारानं शेतांवर मेंढ्या सोडल्या, माणसं उठून गेली. आता तिथं कुरण आहे. ऊन तिरपं झालं की गवतात घरांच्या जोत्यांच्या रेघा दिसतात. तिथून उठलेली माणसं आसपासच्या तीन गावांत गेली, आणि त्या गावांनी त्यांना सुटलेल्या गावाच्या नावानं हाका मारल्या. तेच आडनाव झालं. पुढं त्यांतले काही समुद्रावर गेले, काही सैन्यात, काही नुसतेच कुठंतरी. नाव विरळ होत गेलं.

आणि प्रश्न तीनचं उत्तर: त्या नावाचं आता इथं एकही घर नाही. शेवटचे गृहस्थ चर्चच्या आवारात आहेत, उत्तरेकडच्या भिंतीजवळ. त्यांच्यावरचं गवत मी कापते.

शुक्रवारी मी साहेबांना हे वाचून दाखवलं. गाव गेलं, हे ऐकून त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण ते खुर्चीत पुढं सरकले. "म्हणजे ते तिथं राहत होते तोवर हे नाव कुणी लावतच नव्हतं?"

"कसं लावणार?" मी म्हटलं. "आमचंही तसंच. माझ्या आडनावाचं गाव आमच्या गावापासून दोन डोंगर पलीकडं. पणजोबाच्या पणजोबानं ते सोडलं, तेव्हा नव्या गावातले लोक म्हणायला लागले, हा तिथला. तिथंच राहिला असता तर कुणी म्हटलं नसतं."

साहेब खिडकीबाहेरच्या समुद्राकडं वळले. "गाव सोडल्यावर मिळालेलं नाव," म्हणाले. त्यांना ते आवडलेलं दिसलं. तिथंच मी थांबायला हवं होतं. पण अहवाल पुरा करायचा ही स्टोअरची शिस्त. मी शेवटचा मुद्दा वाचला आणि वर माझ्याकडचं टाकलं, "म्हणजे साहेब, निल स्टॉक. खलास. शेवटचा पीस तुम्हीच."

चष्मा काढून त्यांनी तो मिटला. "ठीक," म्हणाले. "मग अभिलेखागार." आणि चहा गार झालाय का ते बघायला स्वयंपाकघरात गेले. चहा माझ्यासमोर होता, वाफाळत.

त्याच संध्याकाळी मी ते बायबल पॅक केलं. साहेबांनीच सांगितलं, त्यांना स्वतःला करवेना. दोन थर बबलरॅप, एक थर कार्डबोर्ड आणि वर ती टेप, जी आम्ही प्रोपेलरच्या पेट्यांना लावतो. वर अभिलेखागाराचा पत्ता. सोमवारी कुरियरवाला यायचा होता.

शनिवारी दुपारी जेवताना मी घरी सगळं सांगितलं. माझी बायको जनाबियाला एका नर्सरीत कामाला आहे. दिवसभर पोरांशी इंग्रजी आणि बायांशी हिंदी बोलून तिचा जीव दमलेला असतो, म्हणून घरी ती फक्त मालवणीच बोलते.

"ती बाय थडग्यावरचा गवत कित्याक कापता?" तिनं विचारलं.

"कापते. समाजसेवा असेल."

"परक्या माणसाच्या थडग्यावरचा?"

"अगं, इंग्रज लोक बागकामाचे शौकीन."

तिनं ताटातला हात थांबवला. "तुमचो कागद बघलंय मी. कर्तो पुरुष कोण, मुलगे किती. तेच्यात चेडवांका जागाच खंय आसा? त्या बायेक तिचा म्हायेरचा आडनाव इचारलात?"

मुलींसाठी रकाना खरंच नव्हता. मी ताटातला भात कालवू लागलो.

"माझ्या बापाशीक आमी दोगी चेडवांच. मग आमचो पण निल स्टॉक काय?" आवाज चढवला नव्हता तिनं. वाढताना बोलतात तशी बोलली आणि मला आणखी भात वाढला. मला तो नको होता, पण नको म्हणायची हिंमत झाली नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, यू आस्क्ड अबाउट सन्स इन अ टेबल?" तिला टेबलाचंच जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

भाताचा हात धुऊन मी बाईंना दोन ओळी लिहिल्या. या वेळी नंबर नाहीत, तक्ता नाही. आपलं माहेरचं नाव काय, एवढंच. आणि ते आधी विचारलं नाही याबद्दल क्षमा.

तासाभरात उत्तर आलं. मी ते इतक्या वेळा वाचलंय की पाठच झालंय.

'पन्नास वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. हो, मी त्याच नावाची. तेविसाव्या वर्षी याच चर्चमध्ये एका सहीत ते संपलं. भिंतीजवळचे गृहस्थ माझे वडील. हे मी आधी लिहिलं नाही, कारण आपल्या पत्रात बायकांसाठी रकाना नव्हता आणि आपण फार काटेकोर गृहस्थ दिसलात.'

बायकोला घेऊन मी तडक अमवाज गाठलं. वाटेत ती म्हणाली, "तुमी सांगताना गोष्ट करू नकात. सरळ सांगा." मी सरळ सांगितलं. साहेब, मी गाढवपणा केला. फक्त पुरुष मोजले. बाई तुमच्याच नावाच्या आहेत.

साहेब उठले, ड्रॉवरमधून सुरी काढली आणि माझ्या हातात दिली.

ती टेप. प्रोपेलर कधी समुद्रात पडलाच तर पेटीत पाणी शिरू नये म्हणून बनवलेली टेप. मी अर्धा तास खपत होतो. बायकोनं केस वाळवायचं यंत्र मागितलं. साहेबांच्या पत्नीचं ते अजून कपाटात होतं. तिनं गरम हवा मारली, मी कापलं, आणि साहेब शेजारी उभं राहून म्हणत होते, "या पंपाला मात्र कुणी हात लावू शकणार नाही, स्टोअर्स."

बायबल उघडलं. साहेबांच्या आजोबांच्या नावाखाली आजोबांच्याच धाकट्या भावाचं नाव होतं, जन्मतारखेसकट. लग्नाच्या पानावर तो नाही, मृत्यूच्या पानावर नाही. "आजोबांचं आणि त्याचं भांडण झालं होतं," साहेब म्हणाले. "कशावरून ते कुणाला आठवत नाही. आमच्या घरात त्याचा विषय निघत नसे." बाईंच्या पत्रात पुढं त्यांच्या स्वतःच्या आजोबांचं नाव होतं. तेच.

मी व्हिडिओ कॉल लावला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, लोकरीच्या जाकिटातल्या बाई आल्या. मला वाटलं, आता रडारड होणार. मी रुमालही काढून ठेवला होता. दोन पिढ्या तुटलेली माणसं भेटत होती. साहेब म्हणाले, "तुमच्याकडं हवा कशी आहे?" बाई म्हणाल्या, ओली. तुमच्याकडं? साहेब म्हणाले, दमट, पण वारा आहे. असं दहा मिनिटं. बायको माझ्या कानात म्हणाली, "ह्यांका कोणीतरी सांगा, मुद्द्याचा बोला म्हणून." मी म्हटलं, गप रव, हेच चाललंय.

मग बाई म्हणाल्या, "नावं वाचाल का?"

साहेबांनी पहिल्यापासून वाचली. बाई ऐकत होत्या, मधेच एखाद्या नावाला मान हलवत होत्या. धाकट्या भावापाशी आल्यावर साहेब थांबले. "याच्यापुढं आमच्याकडं काही नाही."

"माझ्याकडं आहे," बाई म्हणाल्या.

त्या सांगू लागल्या. साहेबांचा हात अलीकडं थरथरतो, म्हणून पेन माझ्याकडं आलं. बाईंच्या आजोबांचं लग्न लिहिलं. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे बाईंचे वडील, लिहिला. बाईंची पाळी आली तेव्हा साहेब म्हणाले, "इथं एक ओळ सोड. पुढची घे." पुढं बाईंचा मुलगा आणि मुलगी. इथं साहेब जरा अडखळले.

"त्यांचं नाव वेगळं असणार ना," म्हणाले.

"नाव वेगळं आहे," बाई म्हणाल्या. "कान हेच आहेत." आणि केस मागं करून त्यांनी आपला कान पडद्यापाशी आणला. साहेबांचे कान मोठे आणि वर टोकदार. वर्कशॉपमध्ये त्यावरून पुष्कळ काही चालायचं. बाईंचे अगदी तेच. माझ्या बायकोनं तोंडावर पदर धरला.

"लिही, स्टोअर्स," साहेब म्हणाले.

मुलगा लिहिला, मुलगी लिहिली. मग मुलीची मुलगी, तीन महिन्यांची. मी पान उलटलं आणि सुवाच्य अक्षरात तिचं पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली, पेन खाली ठेवलं आणि कौतुकानं बघितलं. मग वर बघितलं. पानाच्या डोक्यावर छापलं होतं, 'मृत्यू'.

 खोडावं तर घराण्याच्या पुस्तकात तान्ह्या पोरीच्या नावावर काट मारायची, ते त्याहून भयंकर. मी काय बोललो ते मलाही कळलं नाही. म्हटलं, आमच्याकडं कुणी जिवंत असताना मेल्याची बातमी पसरली, की त्या माणसाचं आयुष्य वाढतं असं मानतात. खरंच मानतात. माझ्या मामाची दोनदा पसरली होती, तो ब्याण्णवपर्यंत जगला.

पडद्यावर बाईंनी मान तिरकी केली. "मग राहू दे," म्हणाल्या. "फक्त जन्माच्या पानाकडं एक बाण काढा." आणि साहेब हसायला लागले. पत्नी गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. खोकला लागला, माझ्या बायकोनं पाणी दिलं, तरी हसत होते. हसता हसता त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. बाण त्यांनीच काढला. तो वाकडातिकडा झाला, पण पानाच्या कडेपर्यंत पोचला.

मग त्यांनी जन्माचं पान काढलं आणि ती सोडलेली ओळ समोर घेतली. मी म्हटलं, साहेब, मी लिहितो, या वेळी नीट बघून. त्यांनी मान हलवली.

पहिलं अक्षर काढायला त्यांना बराच वेळ लागला. मनगट दुसऱ्या हातानं धरून लिहीत होते. बाईंनी फोनच्या पलीकडून विचारलं, मी चहा ठेवून येऊ का. साहेब म्हणाले, ये. त्या गेल्या, पाणी उकळल्याचा आवाज आला, कप घेऊन परत आल्या, तोवर बाईंचं पाळण्यातलं नाव पुरं झालं होतं. पुढं जागा सोडून त्यांनी आडनाव सुरू केलं. बाईंना पडद्यावरून ते उलटं दिसत असणार. त्यांनी कप खाली ठेवला आणि एकेक अक्षर उमटताना बघत बसल्या, आणि साहेबांनी कसलीही घाई केली नाही.